वांगे

बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू यांच्याच सोलॅनेसी कुळातले हे झुडूप. मात्र ती चारही पिके अमेरिका खंडांतून जगभर गेली, तर वांगे (सोलॅनम मेलोंजेना) आशियात माणसाळले. त्याचा रानटी पूर्वज सोलॅनम इन्सॅनम हा काटेरी असून भारतात आजही उगवतो. त्याच्याही मागची वंशरेषा आफ्रिकेत पोचते. सहाव्या शतकातील एका चिनी शेतीग्रंथात वांग्याच्या लागवडीची माहिती आहे. उत्पादनात आज चीन पहिला, भारत दुसरा.

पाने मोठी, खालून लवदार. काही वाणांच्या खोडावर, पानांच्या शिरांवर आणि देठावर काटे. उष्ण हवेत झाड काही वर्षे जगते, पण पीक एका हंगामाचेच घेतात. जांभळे फूल जवळून पाहावे असे असते. पिवळे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवणाऱ्या काही रानमाश्या पराग झाडून घेतात. मधमाशीला ही विद्या अवगत नाही. सगळ्या फुलांना फळ धरत नाही. ज्यांचा कुक्षिवृंत (पराग टिपणाऱ्या स्त्रीभागाचा देठ) परागकोशांपेक्षा आखूड, ती बहुधा गळून जातात.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने फळ मृदुफळ, म्हणजे टोमॅटोसारखेच. खायला ते कोवळे तोडतात. झाडावर पिकू दिले तर पिवळे-तपकिरी होते आणि बिया टणक होतात. सालीचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. चिरलेल्या फोडी काळ्या पडतात त्या क्लोरोजेनिक आम्लाचा हवेशी संयोग झाल्याने, म्हणून त्या पाण्यात टाकायच्या. गरात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, पण तो हवेच्या पोकळ्यांनी भरलेला. तळताना तेल पिऊन घेतो ते त्यामुळे. विस्तवावर अख्खे भाजले की साल करपते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. वांग्याची खरी चव इथे कळते; एरवी ते मसाल्याच्या आधाराने उभे राहते.

नावाचा प्रवास फळाइतकाच लांबचा. संस्कृत ‘वातिंगण’ प्राकृतातून मराठीत ‘वांगे’ झाले. तेच फारसीत ‘बादिंगान’, अरबीत ‘अल्-बादिंजान’ होऊन स्पेनपर्यंत गेले. तिथल्या कातालान भाषेतील ‘अल्बर्जीनिया’तून फ्रेंच ‘ओबर्जीन’ निघाले. पोर्तुगीज ‘बेरिंजेला’वरून भारतीय इंग्रजीत ‘ब्रिंजल’ आले, म्हणजे शब्द वळसा घालून परत माहेरी! इटालियन ‘मेलांझाना’त लोकांना ‘वेडे सफरचंद’ ऐकू येई, कारण युरोपात या फळाबद्दल बराच काळ संशय होता. ‘एगप्लांट’ हे नाव अंड्याएवढ्या पांढऱ्या वाणांवरून पडले.

पिकाचा मोठा शत्रू म्हणजे शेंडे व फळे पोखरणारी अळी. ती आत शिरली की बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे फवारण्या वाढतात. यावर उपाय म्हणून बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूतील जनुक घालून बीटी वांगे तयार झाले. भारताने फेब्रुवारी 2010 मध्ये त्याच्या लागवडीला स्थगिती दिली, तर बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली.