तांबडी माती, काळी माती आणि माइन

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, त्यामुळे खानापूर-निपाणी पट्ट्यात फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस नाही असं गाव सापडणं कठीण. त्यांच्या गप्पांत माइनचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या सुरुंगाचा, विषय निघाला की ऐकणारे हमखास विचारतात, ‘पाय पडल्यावर उडते की उचलल्यावर?’ सिनेमात उचलल्यावर उडते. प्रत्यक्षात दाबाने फुटणाऱ्या बहुतेक माइन पाय पडताक्षणीच फुटतात. विचार करायला उसंत मिळत नाही.

ढोबळ प्रकार दोन: रणगाड्यासाठीची आणि माणसासाठीची. पहिलीतलं स्फोटक किलोंत मोजतात. सोव्हिएत बनावटीच्या टीएम-६२ मध्ये साधारण साडेसात किलो. चालत्या माणसाच्या वजनाने ती सहसा फुटत नाही, शंभर-दीडशे किलोंच्या पुढचा दाब लागतो. पण रणगाडा कोणता नि उसाने भरलेली ट्रॉली कोणती, हे तिला कुठलं कळायला! लढाई संपल्यावर वर्षानुवर्षं शेतातले ट्रॅक्टर उडत राहतात ते त्यामुळेच.

माणसासाठीच्या माइनमध्ये अमेरिकी एम-१४ पाहा. व्यास ५६ मिलिमीटर, आत स्फोटक जेमतेम २९ ग्रॅम. एवढंसंच का, तर पाय निकामी करायला तेवढं पुरतं. जखमीला उचलायला दोघं-तिघं लागतात, म्हणजे तितकी तुकडी दुबळी. थंड डोक्याने केलेला हा हिशोब मला सगळ्यांत किळसवाणा वाटतो. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन एस-माइन आधी कमरेइतकी उसळायची, मग शेकडो पोलादी गोळ्या चौफेर उडवायची. क्लेमोर नावाची माइन पुरतच नाहीत; जमिनीवर उभी करतात आणि तिच्या ७०० गोळ्या समोरच्या ६० अंशांच्या पट्ट्यात जातात. माणसाने कळ दाबून उडवली तर माणसासाठीच्या माइनवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात ती येत नाही, कारण समोर कोण आहे हे बघून ठरवणारा कुणीतरी असतो. अफगाणिस्तानात आकाशातून टाकलेल्या सोव्हिएत पीएफएम-१ चं तसं नव्हतं. प्लास्टिकची, दोन पंखांची वस्तू. मुलं खेळणं समजून उचलायची.

मला मात्र पेरण्यापेक्षा शोधण्याचं शास्त्र जास्त ओढतं. बेळगाव जिल्ह्यात माइन पेरलेल्या नाहीत, पण हे शास्त्र कुठे अडतं ते समजायला इथली माती फार उपयोगी.

मेटल डिटेक्टरच्या वेटोळ्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असेल तर त्यात विजेचे भोवरा-प्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र परत येतं आणि हेडफोन वाजतो. आता जांबोटीकडची जांभ्याची माती घ्या. तिचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि त्यातले काही बारीक कण चुंबकीय असतात. तेही किंचित उशिराने प्रतिसाद देतात, म्हणजे नेमकी धातूची नक्कल करतात. अंगोला, मोझांबिक, कंबोडियात अशाच तांबड्या मातीने यंत्रं हैराण केली. वर एम-१४ जवळपास अख्खी प्लास्टिकची. म्हणून तर सुधारित आंतरराष्ट्रीय नियमांत निदान आठ ग्रॅम लोखंडाइतका इशारा मिळालाच पाहिजे अशी अट आली. अमेरिकेने मग जुन्या एम-१४ च्या बुडाला पोलादी वॉशर चिकटवले!

मग रडार वापरा, असं कुणी म्हणेल. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार प्लास्टिकही टिपतं. पण अथणी-रायबागची काळी रेगड पावसाने भिजली की त्या लहरी वितभर खाली पोचेपर्यंत बऱ्याचशा शोषून घेते. थोडक्यात, पश्चिमेला डिटेक्टर गोंधळणार, पूर्वेला रडार.

शेवटी उरतो प्रॉडर, म्हणजे हातातली सळई. सॅपर, म्हणजे माइन काढणारा जवान, पोटावर किंवा गुडघ्यावर, सळई साधारण ३० अंशांत तिरपी, कारण सरळ टोचली तर माइनच्या माथ्यावरच दाब पडेल. दोन बोटं पुढे, पुन्हा टोचणी. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत यांनी १९४१ साली आफ्रिकेत चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ माइनफील्ड्स साफ करवून घेतली. त्यात गाडी दोनदा खालून उडाली, कानाचा पडदा फाटला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

वासाने काम होतं तिथे मातीची अडचण कमी. टांझानियात शिकवलेले आफ्रिकी उंदीर आपल्याकडच्या घुशीपेक्षा बरेच थोराड, तरी माइन दाबली जाईल इतके जड नाहीत. त्यांतल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० साली सुवर्णपदक मिळालं, तोवर त्याने कंबोडियात ३९ माइन हुडकल्या होत्या. मग आपला मुधोळ का नको? तर तो नजरेने आणि वेगाने शिकार करणारा कुत्रा; इथे लागतं नाक, म्हणून फौजेत हे काम मुख्यतः लॅब्रॅडॉरकडे.

ओटावा करारावर भारताची सही नाही, पाकिस्तान-चीनचीही नाही. माइनफील्डला कुंपण घालायचं, खुणा लावायच्या, नकाशा ठेवायचा, हे नियम मात्र भारताने मानलेत. तरी काश्मीरच्या उतारांवर पावसाच्या लोंढ्याबरोबर माइन सरकतात. मग कुंपणाबाहेरचा ओढाही पुन्हा तपासावा लागतो, आणि तिथे नकाशाचा उपयोग नसतो.