डॉक्टरांच्या माघारी

डॉक्टर माणूस गेला की भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक घरच्यांना अनोळखी असतात. कोणी सांगतं, आमच्या मुलीला ताप होता तेव्हा ते पहाटेपर्यंत उशाशी बसून होते. बायकोला त्या रात्री ताट झाकून ठेवलेलं आठवतं. ते होते कुठे, हे तिला इतक्या वर्षांनी कळतं.

हा अबोला धंद्यातच मुरलेला आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या वैद्यांच्या प्राचीन ग्रीक शपथेत एक कलम असं आहे की उपचार करताना जे दिसलं, ऐकलं आणि बोलण्यासारखं नाही, ते बाहेर फुटू द्यायचं नाही. आणि तीच शपथ शेवटी मागणं मागते, की मी हे पाळलं तर लोकांत माझा कायमचा लौकिक राहो. लौकिक हवा, पण स्वतः तोंड उघडायचं नाही. मग डॉक्टरांची आठवण सांगायचं काम आपसूक दुसऱ्यांकडे गेलं.

अथेन्सच्या जेसन नावाच्या वैद्याची इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली समाधिशिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दाढीवाला वैद्य बसलेला, पुढ्यात उघडा, हडकुळा मुलगा. त्याचं पोट फुगलंय आणि वैद्याचे हात त्याच पोटावर आहेत. बाजूला एक तुंबडी, म्हणजे अंगाला लावून रक्त ओढायचं वैद्याचं भांडं, कोरली आहे, तीही प्रमाणाबाहेर मोठी. धंद्याची खूण लांबूनही कळावी म्हणून असेल. पदवी नाही, सत्कार नाही. पोट तपासताना जसा दिसायचा तसाच ठेवलाय त्याला.

पुढे आठवणी कागदावर आल्या आणि व्यवसायबंधूंच्या हाती गेल्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची स्थापना 1518 ची. तिथले ग्रंथपाल विल्यम मंक यांनी सदस्यांची चरित्रं गोळा करून 1861 मध्ये छापली. ‘मंक्स रोल’ म्हणून ती परंपरा पुढे चालू राहिली. वैद्यकीय नियतकालिकांतले मृत्युलेखही वर्षानुवर्षं याच वळणाचे: शिक्षण, पदं, संशोधन, आणि अगदी शेवटी मागे पत्नी आणि मुलं असल्याची एक ओळ. अभ्यासकाला हे सोयीचं आहे, पण मुलांना त्यात बाप सापडायचा नाही.

रुग्णाच्या घरातून निघालेली सगळ्यात गाजलेली आठवण म्हणजे ल्यूक फिल्ड्स यांचं 1891 मधलं ‘द डॉक्टर’ हे चित्र. फिल्ड्स यांचा लहानगा मुलगा 1877 च्या नाताळात गेला. त्याच्या उशाशी बसलेले डॉक्टर बापाच्या मनातून गेले नाहीत. चित्रात दोन खुर्च्या जोडून त्यावर मूल झोपवलंय आणि डॉक्टर हनुवटीला हात लावून त्याच्याकडे बघत बसलेत. मागे अंधारात आईवडील. मला मात्र दरवेळी वाटतं, या डॉक्टरांची कोणीतरी घरी वाट बघत असेल. ते घर चित्रात कुठेच नाही.

घरच्या माणसाने पुढाकार घेतला असं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. जॉर्जिया राज्यातल्या विंडर गावच्या युडोरा ब्राउन आल्मंड या बाई एका डॉक्टरांच्या पत्नी. 1933 च्या मार्चमध्ये त्यांच्या पुढाकाराने पहिला डॉक्टर दिन पाळला गेला: हयात डॉक्टरांना शुभेच्छापत्रं आणि दिवंगत डॉक्टरांच्या थडग्यांवर फुलं. त्यासाठी पुढे 30 मार्च ही तारीख रूढ झाली, कारण 1842 साली त्याच दिवशी क्रॉफर्ड लाँग यांनी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केली होती. आता शुभेच्छापत्रं उरली आहेत, थडग्यांवरची फुलं फारशी कोणाला आठवत नाहीत.

पण घर आणि धंदा एकाच माणसात कसे गुंतलेले असतात ते बघायचं तर स्टेथोस्कोप शोधणारे फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांच्याकडे जावं लागतं. आई लहानपणीच गेली. ते वाढले नान्तच्या डॉक्टर काकांकडे. 1816 मध्ये त्यांनी आधी कागदाची सुरळी करून छातीचे ठोके ऐकले, मग लेथवर स्वतः कातून लाकडी नळ्या केल्या. तोच पहिला स्टेथोस्कोप. त्याने त्यांनी कितीतरी क्षयरोग्यांच्या छात्या ऐकल्या आणि शेवटी स्वतःच खोकू लागले. पुतण्या मेरियादेकही डॉक्टर होता. त्याला त्यांनी आपल्या छातीला नळी लावून काय ऐकू येतं ते सांगायला लावलं. पुतण्या सांगत गेला. ते आवाज काकांच्या पक्क्या ओळखीचे होते.

1826 च्या ऑगस्टमध्ये लेनेक गेले, वय 45. मृत्युपत्रात मेरियादेकच्या नावे कागदपत्रं, घड्याळ आणि अंगठी होती. शिवाय तो स्टेथोस्कोप, आणि आपल्या साऱ्या ठेव्यात तोच सगळ्यात मोलाचा, असंही लिहून ठेवलेलं.