नवीन मुलांच्या पालकांसाठी : पाळणाघरातले पहिले पंधरा दिवस

"एवढ्याशा लेकराला काय आठवणारे?" प्रवेशाच्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो, बहुधा आजीकडून. आजी अर्ध्याच बरोबर आहेत. स्वतःची सर्वांत जुनी आठवण शोधून बघा, बहुतेकांची तीन-साडेतीन वर्षांच्या मागे जातच नाही. घडलेला प्रसंग जागेसकट साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्या वयात अजून तयार होत असतो, आणि सांगायला शब्दही नसतात. त्यामुळे पप्पांच्या खांद्यावर बसून पाहिलेली पहिली गड्ड्याची जत्रा फोटोतच उरते.

पण शिकलेलं राहतं. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलिअर यांनी बाळाच्या पायाला रिबीन बांधून ती पाळण्यावरच्या खेळण्याला जोडली. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळ लगेच शिकलं. सहा महिन्यांची बाळं ते जवळजवळ दोन आठवडे विसरत नाहीत. भीतीची नोंद ठेवणारा अमिग्डाला तर हिप्पोकॅम्पसच्या आधीच कामाला लागतो. प्रसंग पुसला जातो, पण धास्ती राहू शकते.

म्हणूनच आमची एक विनंती आहे, आणि तिच्यावर आम्ही अडून बसतो. मूल खेळण्यात रमलं की मागच्या मागे सटकू नका. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला उमगू लागतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे. कधी येणार, हे मात्र कळत नाही. साधारण दहा ते अठरा महिन्यांत आई गेल्यावरचं रडणं सर्वांत जास्त असतं. त्या वयात न सांगता गेलात, तर मूल एवढंच शिकतं की पाठ वळली की आई गायब होते. मग ते घरीही पदर सोडत नाही.

सांगून जा. रडेल, रडू दे, आम्ही आहोत. "पाच मिनिटांत येते" म्हणू नका, त्याच्याकडे घड्याळ नाही. "वरण-भात खाऊन, झोपून उठलास की आई येते" असं सांगा, आणि त्याच वेळेला या. दारात तीनतीनदा मागे वळून बघणं टाळा. (हे बाबांना जास्त जड जातं, असा आमचा अनुभव.)

घ्यायला आल्यावर फोन खिशात. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी मूल आणि आई यांचं नातं अभ्यासताना आई गेल्यावरच्या रडण्यापेक्षा ती परतल्यावर मूल कसं वागतं, याकडे जास्त लक्ष दिलं. कडेवर चढून शांत होणारं मूल सकाळी कितीही रडलेलं असो, आम्हाला त्याची काळजी वाटत नाही.

बोलतं झालेल्या मुलाला "आज काय केलं?" विचारलंत तर "काही नाही" एवढंच मिळेल. "मांजर आली होती ना खिडकीत? मग काय केलं तिनं?" असं विचारा. अशा तपशिलातल्या गप्पा ज्यांच्या घरात होतात, ती मुलं पुढे आपल्या आठवणी जास्त भरून सांगतात. रोजचा एक प्रसंग आम्ही डायरीत लिहून देतोच.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर झोपवताना, समजावताना वापरायचे चार शब्द लिहून द्या, ताईंना पाठ करायला लावू. आणि पांघरायला घरातलीच वापरातली चादर पाठवा. नवी कोरी नको, धुऊन तर अजिबात नको. तिला आईचा वास असतो.