नोड वेगळा, व्हॅलिडेटर वेगळा

"इथेरियमचा नोड चालवायचाय, पण ३२ ईथर आणू कुठून?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय: आणूच नका. इथेरियम हे ब्लॉकचेन नेटवर्क, ईथर हे त्याचं चलन, आणि नोडसाठी एकही ईथर गुंतवावा लागत नाही. ती अट व्हॅलिडेटरची.

नोड म्हणजे अख्खी खातेवही स्वतःकडे ठेवून प्रत्येक नोंद स्वतः तपासणारं मशीन. १५ सप्टेंबर २०२२ च्या 'मर्ज'पासून, म्हणजे इथेरियम खाणकाम सोडून अनामतीवर आलं तेव्हापासून, त्यावर दोन प्रोग्रॅम जोडीनं चालवावे लागतात. गेथ किंवा नेदरमाइंडसारखा एक्झिक्युशन क्लायंट व्यवहार तपासतो, तर लाइटहाऊस किंवा टेकूसारखा कन्सेन्सस क्लायंट नोंदींची खरी साखळी कोणती ते ठरवतो. रॅम १६ जीबी चालते, ३२ असेल तर निर्धास्त. एसएसडी मात्र २ टीबीची आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकारचीच घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क कायम मागेच पडते. कमाई शून्य. आठवडाभर बंद ठेवलात तरी दंड नाही, चालू केल्यावर राहिलेलं भरून काढतो.

व्हॅलिडेटर हे मशीनच नव्हे. ती असते सहीची किल्ली आणि तिच्यामागे ठेवलेली अनामत. किमान ३२ ईथर; मे २०२५ च्या 'पेक्ट्रा' अपग्रेडनंतर एकाच व्हॅलिडेटरमागे २०४८ पर्यंत. दर ६.४ मिनिटांच्या इपॉकमध्ये ही किल्ली एकदा मत देते, क्वचित ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) मांडायची पाळी येते, आणि मोबदला त्याचाच. एका नोडवर अशा शेकडो किल्ल्या चालू शकतात. तेव्हा "माझे चार व्हॅलिडेटर आहेत" म्हणणाऱ्याच्या घरी मशीन एकच असू शकतं.

आता भीतीचं. आपल्याकडे पहिली शंका विजेची: पुण्यात गुरुवारी लाइट गेली तर? फारसं काही नाही. तेवढ्या तासांत जे मिळालं असतं, साधारण तितकंच अनामतीतून कापलं जातं. एक तृतीयांशाहून जास्त नेटवर्क एकाच वेळी बंद पडलं आणि साखळीचं शिक्कामोर्तब अडलं, तर मात्र अनामतीची गळती वाढते.

खरा घात होतो तो अतिहुशारीने. लाइटच्या भीतीपोटी लोक तीच किल्ली दुसऱ्या मशीनवरही बॅकअप म्हणून चढवतात. दोन्ही मशीन एकाच वेळी जागी झाली आणि त्यांनी वेगवेगळी मतं दिली, तर नेटवर्कच्या लेखी ती लबाडी. याला स्लॅशिंग म्हणतात. पेक्ट्रानंतर सुरुवातीचा दंड बराच उतरलाय, पण सक्तीने बाहेर काढतात ते काढतातच आणि अनामत सुमारे ३६ दिवस अडकते. मशीन बदलायचं असेल तर जुनं बंद करा, त्यावरची किल्ली काढा, स्लॅशिंग-संरक्षणाची नोंद (आधी दिलेल्या मतांची यादी) नव्यावर आणा, दोन-तीन इपॉक थांबा आणि मगच सुरू करा. वीस मिनिटांचं नुकसान परवडतं.

हात बसेपर्यंत सराव हूडी टेस्टनेटवर, म्हणजे इथेरियमच्या चाचणीच्या नेटवर्कवर, करा. तिथले ३२ ईथर खोटे असतात.