सायकेडेलिक गूढानुभव

सायकेडेलिक गूढानुभव : सिलोसायबिन, एलएसडी, मेस्कलीन, डीएमटी अशा जाणीव बदलणाऱ्या (सायकेडेलिक) द्रव्यांच्या अमलाखाली काही जणांना येणारा तीव्र आध्यात्मिक अनुभव. 'मी' आणि जग यांतली सीमा पुसट होते, काळाचे भान सुटते, आणि जे जाणवले तेच अंतिम सत्य अशी खात्री पटते. मेक्सिकोतील माझातेक लोकांचे भूछत्रविधी, नेटिव्ह अमेरिकन चर्चमधला पेयोटी (मेस्कलीन असलेले निवडुंग) आणि ॲमेझॉन खोऱ्यातला आयाहुआस्का (वनस्पतींचा काढा) यांमागे अशा अनुभवाची जुनी परंपरा आहे. ईश्वर आहे की नाही, हे मानसशास्त्र येथे ठरवत नाही. रसायनाने बदललेल्या मनाला एखादा अनुभव पवित्र का वाटतो, एवढेच ते तपासते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये गूढानुभवाच्या चार खुणा सांगितल्या : तो शब्दांत मावत नाही, काही ज्ञान झाल्यासारखे वाटते, तो फार काळ टिकत नाही आणि तो आपण घडवत नसून आपल्यावर येतो. पुढे वॉल्टर स्टेस या तत्त्वज्ञाने वेगवेगळ्या धर्मांतील वर्णनांमधून एकत्वाची जाणीव, पावित्र्य, परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटणे अशी लक्षणे काढली. आजच्या प्रश्नावल्यांचा पाया मुख्यतः हाच. त्यामुळे संशोधनात 'पूर्ण गूढानुभव' म्हणून जे मोजले जाते, त्यात विशिष्ट विचारपरंपरेचा साचा आधीपासूनच असतो. निष्कर्ष वाचताना ही मर्यादा विसरून चालत नाही.

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग वॉल्टर पान्के या संशोधकाने २० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये केला. धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी तळघरातल्या छोट्या प्रार्थनागृहात बसले होते आणि वरच्या सभागृहातली उपासना त्यांना ध्वनिक्षेपकावरून ऐकू येत होती. दहा जणांना सिलोसायबिन दिले होते, दहा जणांना निकोटिनिक आम्ल. या आम्लाने चेहरा लाल होतो, अंगाला मुंग्या येतात. म्हणून सुरुवातीला त्या गटातल्या काहींना आपल्यालाच खरे औषध मिळाले असे वाटले. थोड्याच वेळात फरक उघड झाला. सिलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांनी गूढानुभवाची लक्षणे नोंदवली. जवळपास पाव शतकानंतर रिक डॉब्लिन या संशोधकाने त्यांतल्या अनेकांना गाठले, तेव्हाही तो दिवस त्यांना आध्यात्मिक आयुष्यातला मोलाचा टप्पा वाटत होता. मात्र त्याच पाठपुराव्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली : एक विद्यार्थी फार अस्वस्थ होऊन बाहेर पडला होता आणि त्याला शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावे लागले होते. मूळ प्रबंधात याचा उल्लेख नव्हता. ही उणीव गंभीर आहे, कारण त्यामुळे कित्येक वर्षे प्रयोगाची केवळ उजळ बाजूच लोकांसमोर राहिली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ जण होते. यांतल्या कोणीही पूर्वी अशी द्रव्ये घेतलेली नव्हती, पण सगळेच धार्मिक किंवा आध्यात्मिक साधनेत रस घेणारे होते. सिलोसायबिननंतर २२ जणांना पूर्ण गूढानुभव आला. तुलनेसाठी दिलेल्या मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधानंतर फक्त चौघांना. त्याच सिलोसायबिनने सुमारे एकतृतीयांश जणांना तीव्र भीतीही वाटली, आणि तीही काळजीपूर्वक तयार केलेल्या खोलीत, सोबतीला प्रशिक्षित माणसे असताना.

मेंदूत ही द्रव्ये प्रामुख्याने सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या '२ए' ग्राहींवर (पेशींवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंवर) काम करतात. केटॅन्सेरिन या औषधाने हे ग्राही अडवले की बहुतेक परिणाम मावळतो. झुरिकमधला २०१७ चा एक प्रयोग येथे फार बोलका आहे. सहभागींना त्यांच्या आवडीची गाणी आणि त्यांच्या लेखी काहीच अर्थ नसलेले संगीत ऐकवले. एलएसडी घेतल्यावर तेच निरर्थक संगीत त्यांना अर्थपूर्ण वाटू लागले, आणि केटॅन्सेरिन दिल्यावर हा बदल झाला नाही. म्हणजे एखादी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे ही भावनाच रसायनाने वाढवता येते. आध्यात्मिक अनुभवाचे मर्म बरेचसे इथे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अहंविलयाचे, म्हणजे 'मी'पणाची जाणीव विरण्याचे, स्पष्टीकरण अजून तितके पक्के नाही. एका मतानुसार मेंदूचे नेहमीचे अंदाज सैल पडतात आणि 'मी' हाही असाच एक अंदाज असल्याने तोही विरतो.

रिकाम्या झालेल्या जागेत काय येईल, हे मनोभूमिका आणि परिसर यांवर पुष्कळ अवलंबून असते. मानवशास्त्रज्ञ अँथनी वॉलेस यांनी १९५९ मध्येच दाखवले होते की पेयोटी विधीत घेणारे मूलनिवासी आणि मेस्कलीन प्रयोगशाळेत घेणारे गोरे यांच्या अनुभवांत मोठी तफावत असते. २०२० मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी तर ३३ जणांना सजवलेल्या खोलीत नुसता प्लासिबो (खरे औषध नसलेली गोळी) दिला, तरीही निम्म्याहून अधिक जणांना काही ना काही परिणाम जाणवला.

अनुभवातून येणारी खात्री ही स्वतःच एक मानसिक अवस्था आहे. तिच्यावरून अनुभवातले तत्त्वज्ञान खरे ठरत नाही. तिच्यामागे रसायन आहे म्हणून ते खोटेही ठरत नाही, कारण रोजचे पाहणे-ऐकणेही मेंदूतल्या रसायनांवरच चालते. उपचारांच्या बाबतीतही असाच वाद आहे. हॉपकिन्समध्ये २०१६ साली ५१ कर्करुग्णांवर झालेल्या अभ्यासात गूढानुभव जितका गहिरा, तितके नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचे दिसले. पण अनुभवामुळेच आराम पडला, की दोन्ही एकाच जैविक बदलाचे परिणाम, हे अजून सुटलेले नाही. आपण काय घेतले ते रुग्णाला सहज कळत असल्याने अपेक्षेचा भाग वेगळा काढणेही कठीण जाते.

या अवस्थेत माणूस सूचनांना फार लवकर वश होतो. स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला मनोविकृतीचा आजार झालेल्यांना चाचण्यांमध्ये सहसा घेत नाहीत. मार्गदर्शकाने स्वतःच्या श्रद्धा रुग्णावर लादण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. म्हणूनच हॉपकिन्सचे संशोधक मॅथ्यू जॉन्सन यांनी २०२१ मध्ये सुचवले की उपचाराच्या खोलीत बुद्धमूर्तीसारखी धार्मिक चिन्हे ठेवू नयेत आणि अनुभवाचा अर्थ लावण्याचे काम रुग्णावरच सोपवावे.