विद्यापीठ परिसरातील विद्यार्थी-उत्खनन

विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारात, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केलेले पुरातत्त्वीय उत्खनन. दूरच्या स्थळी तळ ठोकण्याचा खर्च यात वाचतो, शिवाय तासिका सांभाळून सत्रभर खोदकाम करता येते. पण केवळ सोयीसाठी कोणी आवारातली हिरवळ उकरू देत नाही. विद्यापीठांच्या दप्तरात इमारती, नियम आणि नामवंत यांची माहिती भरपूर असते. विद्यार्थी काय खात होते, काय फेकून देत होते, हे मात्र जमिनीतच शोधावे लागते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या जुन्या आवारात २००५ पासून असे उत्खनन अधूनमधून होत आले आहे. तेथील मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी सतराव्या शतकाच्या मध्यास ‘इंडियन कॉलेज’ ही विटांची इमारत बांधली होती. ती १६९८ मध्ये पाडली गेली. तिच्या परिसरात छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, सापडले. कॉलेजचा छापखाना याच इमारतीत होता आणि मॅसॅच्युसेट या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील संपूर्ण बायबल १६६३ मध्ये तेथे छापले गेले. त्या काळच्या नियमांनुसार विद्यार्थ्यांना परवानगीवाचून तंबाखू ओढण्यास मनाई होती. मातीत चिलमींचे तुकडे निघतातच.

मिशिगन स्टेट विद्यापीठात १८७६ मध्ये जळालेल्या ‘सेंट्स रेस्ट’ या वसतिगृहाचे अवशेष २००५ मध्ये खोदण्यात आले. पुढे तेथे परिसर-पुरातत्त्वाचा स्वतंत्र उपक्रमच उभा राहिला. आवारात नवे बांधकाम निघाले, की त्या जागेची आधी पाहणी होते.

कामाची पद्धत एरवीचीच. जागा चौरसांत आखतात, थापीने माती थराथराने खरवडतात, चाळतात आणि सापडलेल्या वस्तूंच्या पिशवीवर चौरसाचा व थराचा क्रमांक घालतात. खरी डोकेदुखी नळ आणि केबलींची. त्यांच्यासाठी खणलेल्या चरांत माती वरखाली होते, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या खापराला चिकटून बाटलीचे प्लॅस्टिकचे झाकण निघते. अशा वेळी मातीच्या किंचित बदललेल्या रंगावरून चराची कड ओळखावी लागते. नवशिक्याचा हात बसायला अशी बिघडलेली जमीनच बरी.

धुणे, वर्गवारी आणि नोंदणी यांना खोदण्याहून जास्त वेळ लागतो. एका तुकडीने काढलेली खापरे पुष्कळदा दुसरीच तुकडी तपासते, म्हणून खड्ड्याच्या काठावर लिहिलेली वही परक्यालाही उलगडेल अशी ठेवावी लागते.