पार्श्वभूमी : फियाटचं गणगोत

मुंबईहून इंदूरकडे जाणारा आग्रा रोड आणि सुरतहून नागपूरला जाणारा रस्ता धुळ्यात एकमेकांना भेटतात. कापसाचे, केळीचे ट्रक आणि एसट्या यांच्या या वाटेवर जुन्या स्पोर्ट्स कारचं वेड कुणाला लागत असेल, हे बाहेरच्यांना पटत नाही. जॅग्वार, एमजी, ट्रायम्फ खानदेशात दिसायच्या तरी कुठे? मीही त्या कित्येक वर्षं चित्रांतच पाहिल्या. पण वेड शाळेत असतानाच लागलं, आणि ते काकांच्या फियाटमुळे.

या गाड्या इकडे न दिसण्याचं कारण सरकारी धोरणात आहे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला बाहेरून आलेल्या सुट्या भागांच्या गाड्या जुळवत होती. स्वातंत्र्यानंतर, १९५३ च्या सुमारास, ज्यांची देशातच सुटे भाग बनवण्याची तयारी असेल त्यांनीच इथे राहावं असं ठरलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. आयात तर जवळपास बंदच झाली. मग पुढची तीन दशकं मोटार घ्यायची म्हणजे अँबेसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड, एवढंच उरलं.

त्यातली फियाट म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पन्नाशीच्या दशकातल्या फुगीर मॉडेलला लोक डुक्कर फियाट म्हणत; पुढे डिलाइट आली, मग पद्मिनी. गिअर स्टेअरिंगजवळ, चोक ओढून सेल्फ मारायचा. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकला की पेट्रोल पाइपातच वाफ धरायचं आणि गाडी धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर बंद पडायची. आमचे मिस्त्री आबा तेव्हा बॉनेट उघडून एवढंच म्हणायचे, “पंपले वलं फडकं बांध.” फडकं वाळेपर्यंत गाडी चालायची. त्या थांब्यांमध्ये मी इंजिन पाहायला शिकलो.

या इंजिनाची कुळकथा मला फार उशिरा कळली आणि त्या रात्री झोप लागली नाही. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (दट्ट्याची धाव), १०८९ सीसी. हे माप १९३७ च्या इटालियन फियाट ११०० चं, फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली घडलेलं. एन्झो फेरारी अल्फा रोमिओतून बाहेर पडले तेव्हा काही वर्षं स्वतःचं नाव गाडीला न देण्याचा करार त्यांच्यावर होता. म्हणून १९४० साली त्यांनी जी पहिली गाडी उतरवली तिचं नाव नुसतं ८१५ होतं: आठ सिलिंडर, दीड लिटर. त्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर फियाट ११०० ची दोन हेड (सिलिंडरवरची झाकणं) एकापुढे एक बसवली होती! इटलीतल्या मिल्ले मिलिया या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेल्या अशा दोन्ही गाड्या अर्ध्यावरच बंद पडल्या, पण फेरारीची सुरुवात तिथून आहे.

महायुद्धानंतर इटलीतल्या तुरीनमध्ये उद्योजक पिएरो दुसियो यांनी चिसितालिया ही मोटार कंपनी काढली. इंजिन पुन्हा तेच १०८९ सीसी, फक्त जास्त ताकदीसाठी सुधारलेलं. १९४७ च्या मिल्ले मिलियात चोपन्न वर्षांचे नामवंत शर्यतपटू ताझिओ नुवोलारी या चिमुकल्या गाडीत पहिल्या क्रमांकावर होते. पावसाने घोळ केला आणि ते दुसरे आले. मोटारींच्या बॉडी घडवणारे पिनिन फारिना यांची चिसितालिया २०२ ही १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडली गेली. माझ्या मते तिच्याइतकी निर्मळ रेषा नंतरच्या फार थोड्या गाड्यांना मिळाली. आणि तिच्याच जातकुळीतलं इंजिन आमच्या अंगणात ओलं फडकं बांधून उभं होतं.

स्टँडर्डचंही असंच. मद्रासला १९६१ पासून बनणारी हेराल्ड ही मुळात इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, रेखाटन इटालियन मोटार-रेखाटनकार जोव्हानी मिकेलोत्ती यांचं. बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं, त्यामुळे मिस्त्री चाकावर बसून काम करू शकतो. याच चॅसीची (खालच्या सांगाड्याची) लांबी कमी करून मिकेलोत्तींनीच दोन माणसांची ट्रायम्फ स्पिटफायर आखली. ती १९६२ साली आली आणि अठरा वर्षांत तीन लाखांहून जास्त खपली. हेराल्ड ज्याने खोलली आहे, त्याला स्पिटफायरचं बॉनेट उघडताना काही नवं वाटणार नाही.

शेतकऱ्याला सगळ्यात जवळचं नातं मात्र ट्रायम्फ टीआर२ चं. १९५३ ची ही गाडी. बेल्जियममध्ये याब्बेकेच्या सरळ रस्त्यावर, थोडी सुधारून, ताशी २०० किलोमीटरच्या घरात धावली. तिचं इंजिन आणि इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनणाऱ्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचं इंजिन एकाच कुळातलं. त्यात सिलिंडरचे लायनर (आतल्या नळ्या) काढून बदलता येतात, ट्रॅक्टरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. शर्यतीच्या दोन लिटरच्या गटात बसावं म्हणून कमी बोअरचे लायनर घातले आणि २०८८ सीसीचं इंजिन १९९१ वर आलं.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केला : पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. म्हणजे १९७४ च्या पद्मिनीही आता त्यात बसतात. अट एकच कडक आहे, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. आणि दुखतं ते इथेच. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडच्या कितीतरी फियाटांत आणि अँबेसेडरांत डिझेल इंजिनं बसली. काढलेली १०८९ सीसीची इंजिनं भंगारात गेली. जळगावकडे किंवा नंदुरबारकडे गेलो की मी अजून गॅरेजांच्या मागची बाजू पाहून येतो, मूळ इंजिनाची एखादी उभी असेल म्हणून. मागच्या हिवाळ्यात एक दिसली. बॉनेट गंजलेलं, पण आत तेच चार सिलिंडर, आणि पंपाभोवती वाळून कडक झालेलं एक फडकं.